योद्ध्याच्या वाटणीच्या आठळ्या

यंदाही बंदी लागली आणि जेटीवरच्या बोटी ओळीने वर ओढल्या गेल्या. मी शिकवते त्या शाळेचा रस्ता तिथूनच जातो. बोटींवर निळ्या ताडपत्र्या, ताडपत्र्या उडू नयेत म्हणून बांधलेले जुने टायर, खाली शेवाळलेले लाकडाचे ठोकळे. कुणी जाळी शिवत बसलेलं, कुणी पत्ते कुटत, कुणी नुसतंच समुद्राकडे बघत. बाहेरगावची माणसं गाडी थांबवून फोटो काढतात. मला मात्र ह्या दोन महिन्यांचा राग येतो. मासे अंड्यावर असतात, दर्या खवळलेला असतो, म्हणून मासेमारी बंद ठेवतात, सगळं कबूल. राग बंदीचा नाहीच, माझा मलाच येतो, आणि तेरा वर्षं झाली तरी दर जूनला तो न चुकता हजर होतो.

तेरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका बंदीत मी, दिगू आणि चिन्मय असे तिघं एक खेळ खेळलो. दहावीपर्यंत एका वर्गात बसलेली तीन माणसं. खेळ सात आठवडे चालला. त्या सात आठवड्यांत मी एक मित्र घालवला आणि त्याच्या पुढ्यात आलेली एक वाटही कदाचित मीच बुजवली. हे 'कदाचित' मी सवयीने लिहिलं. ते खोडायला हवं.

दिगू खारव्यांचा, म्हणजे दर्यावर पोट असलेल्यांचा. बारावी झाला आणि वडिलांच्या गुडघ्याने दगा दिला, तसा हा काकाच्या बोटीवर खलाशी म्हणून चढला. चिन्मय पुण्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी इथेच बी.एस्सी. करून बी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत बसलेली. आमच्या घरात खाली आम्ही राहायचो आणि वर बाबांचा टायपिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर आले आणि क्लास बंद पडला, पण टंकयंत्रं विकायचा धीर काही बाबांना झाला नाही. दहा-बारा यंत्रं आपापल्या टेबलांवर रेक्झिनची कव्हरं घालून तशीच बसलेली असायची. त्या खोलीत पावसाळ्यात शाईचा आणि ओल्या भिंतीचा मिळून एक वास यायचा, आणि अजूनही तसा वास कुठे आला की मी आधी खिडकी उघडते.

खेळाच्या आधीपासून दिगू दुपारी माझ्याकडे गणित शिकायला येत होता. बोटींच्या इंजिनांचा एक डिप्लोमा कोर्स होता, त्याची प्रवेश परीक्षा ऑगस्टमध्ये आणि फॉर्म भरायची मुदत जुलैअखेर. कोर्सची बातमी मीच पेपरात वाचून त्याला दिली होती. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, त्याचा काका होता, आणि काकाला स्वतःचा मुलगा होता. "सुकाणू काय माज्या हातात यायचं नाय गो अनू," दिगू म्हणायचा. "पन इंजिन? ते माज्याशिवाय कुनाचं ऐकत नाय." हे तो फुशारकीने नाही, पाणी ओलं असतं हे सांगावं तसं सांगायचा. इंजिनाचा आवाज ऐकून त्याला कुठला बोल्ट सैल झालाय ते कळायचं. फक्त ते सगळं कागदावर उतरवायला गणित लागत होतं आणि गणित त्याचं बारावीनंतर सुटलं होतं.

अशात चिन्मय सुट्टीला आला. येताना त्याने झेरॉक्सचं एक जाडजूड बाड आणलं आणि फाशांची एक पिशवी. फासे चौकोनीच नव्हते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे. खेळ असा की एकाने गोष्ट सांगायची, तुमच्यासमोर डोंगर आहे, गुहा आहे, गुहेच्या तोंडाशी राक्षस आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला बोलायला आवडतं हे शाळेपासून सगळ्यांना माहीत होतं. चिन्मयने मांत्रिक घेतला आणि त्याचं नाव ठेवलं अग्निशिख. दिगूने योद्धा घेतला. त्याचं नाव त्याने ठेवलं तांडेल. आम्ही दोघं खदाखदा हसलो. खलाशाने आपल्या योद्ध्याचं नाव तांडेल ठेवावं ह्यात आम्हाला त्या दिवशी फक्त गंमत दिसली.

राक्षस आणायचे कुठून? फणसाचे दिवस होते, आई मिठात आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, उकडून ठेवायची. आलेखाच्या कागदावर आम्ही आठळ्या मांडल्या. लहान आठळी म्हणजे वेताळाची पोरं, मोठी म्हणजे सरदार. आणि दिगूनेच नियम काढला: जो ज्याला मारेल त्याने तो खायचा. पुस्तकात असं काही नव्हतं. तरी हा नियम आम्ही एका तोंडाने मान्य केला, कारण तो गमतीचा होता आणि त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. एकदा दिगूची आई निरोप घेऊन जिन्यात आली आणि चिन्मय आत ओरडत होता, "मांत्रिकाला आधी वाचवा!" ती बिचारी तिथेच थबकली. "कुनाला काय बाधलंय काय गो?" तिने मला हळूच विचारलं. पुढे आठवडाभर दिगू घरून निघाला की ती विचारायची, "चाललास काय तुज्या मांत्रिकाकडं?"

पहिले दोन आठवडे सोन्यासारखे गेले. पहिल्या पायरीवरचा मांत्रिक म्हणजे अगदी काडीपैलवान. दिवसाला दोन मंत्र, ते संपले की हातात काठी आणि अंगात बळ शून्य. मांजराने ओरबाडलं तरी मरेल. दिगू त्याला पाठीशी घालायचा. "तू माज्या मागं रव्ह. हलू नको," असं म्हणून खरंच हात आडवा धरायचा, आणि चिन्मय खरंच त्या हातामागे वाकायचा. आठळ्यांच्या सालांचा ढीग दिगूपुढे असायचा. तो त्यातल्या एक-दोन चिन्मयला द्यायचा, म्हणायचा, "घे, तू पन जरा मंत्र मारलास."

पण ह्या खेळात पात्रं अनुभवाने पायऱ्या चढतात, आणि पायरी दोघांची सारखी नसते. योद्धा एक पायरी चढला की त्याचा वार थोडा जोरात बसतो. मांत्रिक एक पायरी चढला की त्याला उडता येतं. पुढच्या पायरीवर योद्ध्याचा वार आणखी थोडा जोरात. मांत्रिक मात्र आता खोलीभर आग पेटवतो, हात न लावता कुलूप उघडतो, राजाच्या मनात शिरून त्याला हवं ते वदवून घेतो. चौथ्या आठवड्यात आठ आठळ्या पटावर मांडल्या की चिन्मय फासा टाकायचा, "आगीचा गोळा" म्हणायचा, आणि सात आठळ्या एका दमात त्याच्या पुढ्यात. उरलेल्या एका लहानशा आठळीशी दिगू झुंजत बसायचा. चिन्मय सोलून खाताना फासा खिशात ठेवून वाट बघायचा.

परवा सहज इंटरनेटवर पाहिलं, तर जगभरची माणसं अजून ह्याच प्रश्नावर एकमेकांशी भांडतायत. योद्धा आणि मांत्रिक ह्यांचा तोल कसा साधायचा. कुणी म्हणतं योद्ध्याचा वार वाढवा, कुणी म्हणतं मंत्र कमी करा, कुणी तक्ते मांडून दाखवतं की शेवटी दोघं सारखीच इजा करतात. मी ते सगळं वाचलं आणि मला कडवट हसू आलं. ह्यांच्यातल्या कुणाहीपेक्षा दिगूला तो प्रश्न आधी कळला होता. इजेचा तो प्रश्नच नव्हता. मांत्रिकाकडे नदीला उत्तर होतं, कुलपाला उत्तर होतं, अंधाराला आणि राजालाही उत्तर होतं. योद्ध्याकडे एकच उत्तर, तलवार. बाकी सगळ्या वेळी तो आमच्या गप्पा ऐकत आठळ्या सोलायचा, आणि त्याही चिन्मयच्या.

आणि तोल मुळात नव्हता असंही नाही. तो मी घालवला. त्या झेरॉक्सच्या बाडात लिहिलं होतं की मांत्रिकाचे मंत्र मोजके असतात, तलवार मात्र संपत नाही. म्हणून एका दिवसात पुष्कळ लढाया व्हायला हव्यात, मंत्र संपल्यावरही पुढे जावं लागायला हवं. मी ते वाचलं होतं. पण मंत्र संपले की चिन्मय खुर्चीत मागे रेलायचा आणि म्हणायचा, "आता पुढे जाणं म्हणजे आत्महत्या आहे. दार लावून झोपूया." मी म्हणायची, बरं, रात्र गेली, उजाडलं, सगळे मंत्र परत आले. प्रत्येक लढाईनंतर झोप.

"अगो, ह्या मेल्याला दर मारामारीनंतर झोप कशी लागते?" दिगूने एकदा विचारलं. "आमी जाळं टाकलं की चौदा-चौदा तास पाठ टेकत नाय. हा दोन मंत्र म्हनतो नि आडवा."

"नियमात आहे ते," चिन्मय म्हणाला.

"नि राक्षस काय करतायत तोपर्यंत? ते पन झोपले?"

मी हसून वेळ मारून नेली. खरं कारण सांगायची हिंमत मला आजही नीट होत नाही. चिन्मयचं तोंड उतरलं की खोलीतली हवा जायची. तो पुण्याहून आलेला, खेळ त्याचा, फासे त्याचे. दिगूचं तोंड उतरलं तरी काही बिघडत नव्हतं, कारण तो कुरकुर न करता दुसऱ्या दिवशी परत यायचा. जो उठून जाणार नाही असं वाटतं, त्याचं आपण ऐकत नाही. हे मी शिक्षकांच्या खोलीत रोज पाहते आणि स्वतःही करते.

मग त्या चराची गोष्ट झाली. गुहेत दहा फुटांचा चर होता. "मी उडी मारतो," दिगू म्हणाला.

"अंगावर चिलखत आहे तुझ्या," चिन्मय म्हणाला. "वीस किलो. प्रॅक्टिकली शक्य नाही."

"तू बोटातनं आग काढतोस, ती प्रॅक्टिकली?"

"ती जादू आहे रे. जादूचं वेगळं."

दिगूने हातातली आठळी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे जे खोटं हाय त्याने काय पन करावं, नि जे खरं हाय त्याने मापात रव्हायचं." नंतर त्याने सांगितलं की मार्चमध्ये, बोट डोलत असताना, खांद्यावर भिजलेला दोर घेऊन त्याने ह्या बोटीवरून त्या बोटीवर उडी टाकली होती. किती फूट होती ते त्याने मोजलं नव्हतं, मोजायला वेळ नव्हता. माणसाच्या अंगात काय काय असतं ते त्या खोलीत फक्त त्याला ठाऊक होतं, आणि काय शक्य, काय अशक्य ते ठरवत होतो आम्ही दोघं, खुर्चीत बसून. मी त्याला वीस बाजूंचा फासा टाकायला लावला, आकडा अवघड ठेवला, उडी फसली. मग चिन्मयने उडायचा मंत्र म्हटला आणि तांडेलला काखोटीला मारून पलीकडे नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दिगू गणिताची वही घेऊन आला आणि गणित सोडवायच्या आधी त्याने मागची दोन पानं उघडली. योद्ध्यासाठी त्याने नियम लिहिले होते. अक्षर जपून काढलेलं, खाडाखोड पट्टी लावून केलेली. मांत्रिकाला जसे दिवसाचे मोजके मंत्र, तसे योद्ध्याला मोजके पराक्रम असावेत. त्याने उडी मारतो म्हटलं की उडी झाली, फासा नाही. योद्धा दारात उभा राहिला तर तो पडेपर्यंत कुणी आत शिरणार नाही. आणि मांत्रिक झोपला तर झोपू दे, पण तोवर राक्षस जागे असणार, दारं लावून घेणार, भाऊबंद गोळा करणार. प्रत्येक झोपेची काही ना काही झळ लागली पाहिजे.

मी गणित शिकवते. इतकी वर्षं शेकडो वह्या तपासल्या. त्या दोन पानांइतकं स्वच्छ डोकं मला फार थोड्या वह्यांत दिसलं. एखाद्या यंत्रात कुठे सैल आहे ते ओळखावं, तसं त्याने त्या खेळात ओळखलं होतं. मी तेव्हा ते बोलायला हवं होतं, तोंडावर, चिन्मयसमोर.

चिन्मयने पानं चाळली. "भारी आहे," तो म्हणाला, "पण पुस्तकात नाहीये ना. असं प्रत्येक जण आपापलं घालायला लागला तर खेळ राहील का?" आठळ्या खायचा नियमही पुस्तकात नव्हता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघं माझ्याकडे बघत होते.

"बघू," मी म्हणाले.

आपल्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', हे दिगूला माझ्याइतकंच कळत होतं. त्याने वही पुढून उघडली आणि म्हणाला, "चल, कालचं गणित."

इथवरचा माझा दोष सामान्य आहे. भित्री माणसं करतात तसा. ह्यापुढे मी जे केलं ते मला जास्त लागतं, कारण ते मी प्रेमाने केलं असं मला त्या वेळी वाटत होतं.

सूत्रधार म्हणून मी एका टंकयंत्रामागे बसायची, म्हणजे माझे फासे आणि चिठ्ठ्या समोरच्यांना दिसायच्या नाहीत. प्रत्येक राक्षसाचा जीव किती ते मी चिठ्ठीवर लिहायची आणि वार बसला की वजा करायची. मी वजाबाकी सोडून दिली. चिन्मयच्या आगीत राक्षस कधीच जळून गेलेला असायचा, तरी मी म्हणायची, "भाजलाय, पण अजून उभा आहे." मग दिगू तलवार मारायचा. "पडला!" मी ओरडायची. आठळी दिगूची.

दोन आठवडे असे गेले. दिगू खुलला. आठळी सोलताना तो ती आधी उजेडात धरून बघायचा, मग सावकाश खायचा. तांडेलने कसा वार केला ते उभं राहून दाखवायचा. गणितातही त्याने झेप घेतली. तीस मार्कांची चाचणी मी काढली, त्यात त्याला सव्वीस पडले. ते सव्वीस खरे होते. मी एकही मार्क वाढवला नव्हता, उलट एका ठिकाणी एकक लिहिलं नव्हतं म्हणून अर्धा कापला होता. हे मी इथे ठासून लिहिते आहे, कारण त्या वेळी हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या सापाची लढाई होती. आईने त्या दिवशीची सगळ्यात मोठी आठळी सापासाठी बाजूला काढून दिली होती. मध्येच मी चहा आणायला खाली गेले. वर आले तेव्हा दिगू माझ्या टेबलाशी उभा होता. खिडकीतून पावसाची झड आत येऊन टंकयंत्र भिजत होतं, म्हणून तो खिडकी लावायला उठला होता. खिडकी लावून झाली होती. त्याच्या हातात माझ्या चिठ्ठ्या होत्या. पिनेने एकत्र टाचलेल्या, सगळ्या आठवड्याच्या. एकीवर लिहिलं होतं, 'हा दिगूला.' दुसरीवर, 'हाही दिगूला.' सापाच्या चिठ्ठीवर मी लिहून ठेवलं होतं, 'जीव ऐंशी. कितीही झाले तरी दिगूच्या वारानेच पडेल.'

मी चहाचा ट्रे घेऊन उभीच. चिन्मयने चिठ्ठ्या बघितल्या आणि त्याला वाटलं आपण प्रसंग सांभाळतोय. "अरे, त्यात काय एवढं," तो म्हणाला, "सूत्रधार करतातच असं. पुस्तकात लिहिलंय, गरज पडली तर आकडे बदलावेत."

"हे पुस्तकात हाय?" दिगूने विचारलं.

"हो, आहे."

"माजं नव्हतं. हे हाय." एवढंच बोलून त्याने चिठ्ठ्या परत जिथे होत्या तिथे ठेवल्या, पिनेसकट. मग माझ्याकडे वळला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी तुज्याकडं बरोबरी मागत होतो गो अनू. तू मला खाऊ दिलास."

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं रे."

"गनिताचं पन असंच काय? सव्वीस?"

"नाही! शप्पथ नाही. ते तुझेच आहेत, दिगू. खरे आहेत."

"आता कसं कळायचं?" तो म्हणाला. हे त्याने टोमणा म्हणून विचारलं नाही. त्याला खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं. मी ट्रे खाली ठेवून कप मांडायला लागले. दिगू जिना उतरून गेला. सापाची आठळी पटावर तशीच होती. थोड्या वेळाने चिन्मयने ती खाल्ली.

फॉर्मची मुदत संपायला तीन दिवस होते. मी फॉर्म घेऊन जेटीवर गेले. काकाच्या बोटीवरची ताडपत्री काढली होती आणि दिगू नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, रंग लावत होता. मी रात्रंदिवस जुळवलेली वाक्यं तिथे एकही आठवेना. त्या क्षणी काय म्हणायला हवं होतं ते मला आता तोंडपाठ आहे. म्हणायला हवं होतं की तुझी त्रिकोणमिती कच्ची आहे, दहा दिवस घासलीस तर निघशील, नाहीतर आपटशील. ते खरं होतं आणि खरं म्हणून त्याने ते ऐकलं असतं. मी काय म्हणाले? म्हणाले, "फॉर्म भर, दिगू. तू नक्की पास होशील."

"व्हय," तो ब्रश डब्यात बुडवत म्हणाला. "साप पन नक्की पडनारच होता." मग अगदी साध्या आवाजात, "काका म्हनतोय पयल्या फेरीलाच ये. जायला लागंल."

बंदी उठली आणि तो गेला. कोर्स त्याच्याविना झाला, त्या बॅचची मुलं आज मोठ्या जहाजांवर आहेत, त्यातली एक-दोन माझ्या ओळखीची आहेत. दिगू अजून त्याच बोटीवर आहे. सुकाणू काकाच्या मुलाच्या हातात आलं, ठरल्याप्रमाणे. इंजिन दिगूकडे. चिन्मय परदेशात असतो. वर्षा-दोन वर्षांनी मेसेज पाठवतो, 'आठवतो का आपला अग्निशिख? काय मजा यायची.' तांडेलचं नाव त्याने कधी काढलेलं नाही. मी अंगठ्याचं चित्र पाठवते आणि फोन पर्समध्ये टाकते.

गाव एवढंसं. दिगू ह्या तेरा वर्षांत मला बाजारात दिसला, लग्नात दिसला, मान हलवून पुढे गेला. मीही नंतर हाक मारायचं सोडून दिलं. दुखावलेल्या माणसाला त्रास नको, असं मी स्वतःला सांगत आले. ही माझी नेहमीची पद्धत आहे, स्वतःच्या भित्रेपणाला दुसऱ्याच्या काळजीचं नाव द्यायचं.

ह्या जूनमध्ये त्याची मुलगी मयुरी माझ्या पाचवीच्या वर्गात आली. वडिलांसारखीच, बोलणं कमी आणि बघणं जास्त. जुलैत पहिली घटक चाचणी झाली, गणिताची, वीस मार्कांची. मागच्या शनिवारी पालकसभा होती. बंदीमुळे जेटीवरचे बाप ह्या एका सभेला येतात, एरवी आयाच येतात. दिगू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कानांवरचे केस पांढरे झालेत. मुलांच्या बाकावर गुडघे आखडून बसला आणि त्याची पाळी आली तशी माझ्या टेबलाशी आला.

"नमस्कार मॅडम."

"बस ना दिगू," मी म्हणाले. तो उभाच राहिला. पिशवीतून त्याने मयुरीचा पेपर काढला, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेला, आणि माझ्यासमोर उलगडला. वर लाल गोलात आठ लिहिलेले होते. खाली पालकाच्या सहीची जागा कोरी.

"तुमी जरा बेरीज बघता काय?"

मला बघायची गरज नव्हती. पहिल्या प्रश्नाला दोन, दुसऱ्याला भोपळा, तिसऱ्याला एक, चौथ्याला दोन. सातला पास. पेपर तपासताना आडनाव दिसलं होतं आणि हात आपोआप आठ लिहून मोकळा झाला होता. तेरा वर्षांची भरपाई करतेय असं काहीतरी मनात आलं असेल. तरी मी त्याच्यासमोर पेनाचं टोक एकेका आकड्यावरून फिरवलं, जणू आत्ताच मोजतेय.

"पाच होतात," मी म्हणाले.

"व्हय, पाचच. तेवढे करा, मग मी सही करतो."

मागे रांगेत चार-पाच पालक उभे होते. मी आठवर काट मारली, बाजूला पाच लिहिले आणि त्याखाली माझी आद्याक्षरं केली. त्याने माझंच पेन मागून घेतलं, कोऱ्या जागेत पूर्ण नाव लिहून सही केली, शाई वाळेपर्यंत पेपर हातात धरला आणि मग घडी घातली.

"दिगू," मी म्हणाले, "मी तिला रोज मधल्या सुट्टीत बसवीन. येईल तिला गणित."

"बसवा ना. पन मॅडम, मार्क पडतील तेवढेच घाला." तो निघाला, दारापर्यंत गेला आणि पुन्हा दोन पावलं मागे आला, आवाज खाली घेऊन, रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "पोरगी काल दुपारभर हीच बेरीज करत बसली होती. दर वेळी पाचच येत होते, म्हनून रडली. म्हनाली, बाबा, मला बेरीज पन येत नाय. बाई कशा चुकतील?"